उजवी पाकळी

श्रावणातल्या एका रविवारी म्हार्दोळला महालसेच्या देवळात गेले होते. बाहेर फुलं घेऊन बायका बसतात, त्यांतल्या एकीकडूनच मी गेली कित्येक वर्षं फुलं घेते. तिचं नाव मला ठाऊक नाही, माझं तिला नाही. मी तिची ‘बाय’, ती माझी ‘मावशी’. वयाने ती माझ्याहून लहानच असावी. त्या दिवशी देवीला जायो घेतल्या आणि मला आबोलीची एक फाती. दोन्ही हातांत पिशव्या होत्या म्हणून म्हटलं, तूंच माळ गो. पाठमोरी उभी राहिले. तिने अंबाडा जरा उचलला. पिन दातात धरली असावी, कारण तोंड चालायचं थांबलं. मग हातही थांबले. दिवसभर फुलांवर पाणी शिंपडून गार पडलेलं तिचं बोट माझ्या डोक्याच्या मागे, उजव्या बाजूला, एका जागी टेकलं. न्हातानासुद्धा मी तिथे बोट लावायचं टाळते.

“बाय, हांगाचे केंस खंय गेले गो?”

“इंजेक्शन घेतिल्लें,” मी म्हणाले. “तकलेंत?” तिने इतक्या हळू विचारलं की पुढचं मला सांगताच येईना. मागे गिऱ्हाइकं उभी होती. तिने फाती नेहमीपेक्षा बोटभर खाली ओढून ती जागा झाकली, दोनदा चाचपून पाहिलं, आणि पैसे घेताना तीस रुपये झालेले असताना पंचवीसच घेतले. मी पाच रुपये पुढे केले तर “आसूं दी” म्हणून तिने हात मागे घेतला. तेवढंच. गाडीत येऊन बसले तेव्हा लक्षात आलं, डोक्यात इंजेक्शन म्हटल्यावर तिने जे समजायचं ते समजून घेतलं होतं. ज्या रोगाचं नाव आपल्याकडे बायका मोठ्याने घेत नाहीत, तो रोग मला झालाय असं धरून तिने मला पाच रुपयांची दया केली होती. आणि मी ती घेऊन आले होते. पुढचे कितीतरी दिवस ते पाच रुपये चपलेतल्या खड्यासारखे टोचत राहिले.

जागा म्हणाल तर रुपयाच्या नाण्याएवढी. लेकीने फोनवर फोटो काढून दाखवला तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिली. मधोमध किंचित खळगा, कातडी पातळ आणि फिकी, जणू त्या तेवढ्याच तुकड्याचं वय माझ्या आईएवढं झालंय. केस एकही नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन कातडीच्या फार जवळ साठलं तर असं होऊ शकतं. बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. सही घेतलेल्या कागदावर ते लिहिलेलंही होतं. मी शाळेत पस्तीस पोरांना ‘सूचना नीट वाचा’ म्हणून ओरडणारी बाई. स्वतः मात्र वाचलं नव्हतं.

डोकं माझं २०१९च्या पावसाळ्यापासून दुखतंय. कोंकणीत तकली ‘फोडटा’ म्हणतात, मराठीत डोकं ‘उठतं’ किंवा नुसतं ‘दुखतं’. माझं यांतलं काहीच करत नसे. ते ओवलं जायचं. मानेच्या वर, उजवीकडे, केस सुरू होतात तिथे कोणीतरी दाभण खुपसायचं आणि मग दोरा कवटीवरून हळूहळू ओढत, कानामागून वर नेत, थेट उजव्या डोळ्याच्या मागे आणून गाठ मारायचं. नेहमी उजवीकडेच. डावी बाजू इतकी स्वस्थ की तिचा राग यावा. गाठ बसली की दोन दिवस, कधी चार. वह्या तपासायला बसलं की, गाडी मागे घेताना वळून पाहिलं की, दोरीवर कपडे वाळत घातले की. आणि गंमत अशी की दुखायचा डोळा, म्हणून मी सगळीकडे डोळाच घेऊन फिरले. चष्म्याचा नंबर तीनदा तपासला. सायनस म्हणून वाफारे घेतले. पित्त म्हणून आंबट सोडलं, म्हणजे गोव्यात राहून सोलकढी सोडली, यावरून काय ते समजा. पुण्याच्या मावसबहिणीने सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला सांगितली, अर्धशिशीवर रामबाण म्हणून. अकरा दिवस खाल्ली. सासूबाईंनी मीठ-मिरसांगो ओवाळून दिश्ट काढली. शेवटी एका डॉक्टरांनी वय विचारलं, मान डोलावली आणि ‘या वयात होतं’ असं सांगून झोपेची गोळी लिहून दिली. त्या पावसाळ्यात फर्मागुढीच्या उतारावर माझ्या स्कूटरला मागून एका गाडीने ठोकलं होतं, हे मला कोणी विचारलं नाही आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही. कोपर खरचटलं, ते आठवड्यात बरं झालं. मानेला एक झटका बसला होता, त्याचं काय एवढं.

पण ज्यामुळे मी शेवटी पणजीला गेले ती माटोळी.

चवथीच्या आदल्या दिवशी आमच्या घरी माटोळी मी बांधते. लग्न होऊन आले तेव्हापासून. गणपतीच्या वर आढ्याला टांगलेली ती लाकडी चौकट, तिच्या प्रत्येक कप्प्याला काहीतरी बांधायचं: नारळाची पेण, सुपारीचं शिपटं, तोरंजन, आंबाडे, कांगलां, रानातून आलेली हरणांची फुलं, आणि मध्ये भगभगीत केशरी कवंडाळां. बांधायला केवणीच्या सालीचे दोर. बाजारात नायलॉनची दोरी मिळते, पण सासऱ्यांच्या हयातीत ती घरात आली नाही म्हणून अजून येत नाही. स्टुलावर उभं राहायचं, हात डोक्याच्या वर आणि मान पूर्ण मागे टाकून दोन-अडीच तास. ओल्या सालीचा, कच्च्या सुपारीचा आणि हळदीच्या पानांचा एक हिरवा वास घरभर भरतो. मला चवथ त्या वासाने सुरू झाली असं वाटतं, गणपती नंतर येतो. गेल्याच्या गेल्या वर्षी एक कवंडाळ बांधायला मान मागे टाकली आणि दाभण शिरलं. असं शिरलं की उजवा डोळा आपोआप मिटला, फळ हातातून निसटून खाली पाटावर फुटलं. जाऊबाई धावत आल्या. मी स्टुलावर तशीच चौकट धरून उभी. खाली बघवेना, वर बघवेना. त्या वर्षी माटोळी पुतण्याने पुरी केली. गणपतीपुढे बसून आरत्या म्हटल्या त्या मी उंबऱ्याकडे बघत; पाच दिवसांत एकदाही मान उचलून माटोळी पाहिली नाही.

पणजीतले डॉक्टर मूळचे भूलतज्ज्ञ. आता दुखण्याचा दवाखाना चालवतात. त्यांनी डोळ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या मागे येऊन उभे राहिले, एका हाताने कपाळ धरलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा कवटीच्या कडेखाली, मानेच्या मणक्यापासून दोन बोटं उजवीकडे, हळूहळू दाबत नेला. एका जागी आला आणि माझ्या डोळ्यामागे गाठ बसली. अगदी तीच, घरची, ओळखीची. ‘हेंच मूं?’ त्यांनी विचारलं. मला रडू आलं. दुखलं म्हणून नव्हे. पाच वर्षं मी ज्याला शोधत होते त्याला या माणसाने अंगठ्याने दार वाजवून बाहेर बोलावलं होतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळून निघणाऱ्या नसा आणि चेहऱ्याची, डोळ्याची, कपाळाची नस, या सगळ्या मेंदूच्या देठाशी एकाच जागी येऊन पोचतात. ‘फोंड्याचा कदंब स्टँड,’ ते म्हणाले. ‘मडगांवची बस थंयच येता, सांखळीची थंयच. भितर बसलेल्याक गर्दी दिसता, खंयची ती कळना.’ मेंदूला वाटतं डोळ्याकडून निरोप आला. निरोप असतो मानेचा. एवढी वर्षं मी सांखळीच्या बसची तक्रार मडगावच्या खिडकीवर करत होते. या दुखण्याला स्वतःचं नावही उशिराच मिळालं. ओत्तार शोस्ताद नावाच्या नॉर्वेजियन मेंदूविकारतज्ज्ञाने १९८३ साली ‘सर्व्हायकोजेनिक हेडेक’, म्हणजे मानेतून उगवणारी डोकेदुखी, अशी तिची वेगळी ओळख करून दिली: एकाच बाजूला राहणारी, मान वळवली की जागी होणारी. मी वाचलं आणि पहिला हिशोब केला तो आईचा. १९८३ साली आई छत्तीस वर्षांची होती.

आईचंही उजवीकडेच दुखायचं.

आमचं माहेर सत्तरी तालुक्यातलं. न्हाणीघराच्या बाजूला एक अंधारी खोली होती, तिथे आई कपाळाला फडकं करकचून बांधून भिंतीकडे तोंड करून निजायची. महिन्यातून दोनदा-तीनदा, आणि चवथीला हमखास. त्यावरून घरात म्हणायचे, हिची तकली पंचांग बघून फोडटा. कामाचे दिवस आले की. आत्या तर तोंडावर म्हणायची. मीही, सांगायला लाज वाटते, आठवी-नववीत असताना मैत्रिणीला म्हटलं होतं, ‘आमची आई नाटक करते.’ आज चवथीच्या आधीचे तिचे चार दिवस नुसते डोळ्यांपुढे आणले तरी पुरे: आदोळीवर बसून, मान खाली घालून, वीस-पंचवीस नारळ ती किसायची, नेवऱ्या, मोदक, पातोळ्या, खतखतें, सगळ्याला खोबरं. मग विहिरीवरून कळश्या. एक डोक्यावर, एक कमरेवर. आपलं नुसतं डोकंच साडेचार-पाच किलोचं असतं म्हणतात, सोललेल्या सात-आठ नारळांएवढं. ते पुढे झुकलं की मानेला त्याच्या कितीतरी पट ओढून धरावं लागतं. तिचं डोकं पंचांग बघत नसेल. ते नारळ मोजत असेल.

कदाचित तिची अर्धशिशीच असेल, कोण जाणे. अंगठा लावून बघायला ती राहिली नाही.

तिच्यासाठी एकदा गावच्या देवळात कौल लावला होता. आजीच्या आग्रहाने. आपल्याकडे कौल कसा लावतात ते गोव्यातल्यांना सांगायला नको, पण लेकीसारखे बाहेर वाढलेले वाचतील म्हणून सांगते: देवाच्या मूर्तीला पाण्याने भिजवून फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, भटजी गाऱ्हाणं घालतात आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात, कुठली पाकळी आधी पडते. उजवी पडली तर होय. त्या दिवशी विचारलं होतं, हिच्या डोक्याला कारण देवाचं काही राहिलंय ते का? मी आईच्या कुशीला टेकून बसले होते. तेलाच्या दिव्यांचा वास, घामाचा वास, समईची काजळी. पाकळी पडेना. आई मान वर करून बघत होती आणि थोड्या वेळाने तिने हळूच उजवा डोळा झाकला. मला वाटलं ती प्रार्थना करतेय. पाकळी शेवटी पडली, उजवीच. म्हणजे देवाचं काहीतरी राहिलं होतं. ते दिलं. नारळ, केळी, साडी. तकली फोडायची राहिली नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं तेव्हा म्हणाले, हा उपचार आहे आणि तपासणीही आहे. नस बधिर केली आणि दुखणं गेलं तर कारण मानेतच. नाही गेलं तर दुसरीकडे शोधू. मी मनात म्हटलं, म्हणजे कौल.

टेबलावर पालथं झोपवलं, कपाळाखाली गोल उशी. नर्सने केस वर ओढून क्लिप लावली. स्पिरिट लागलं तेव्हा मानेवरून पाठीत एक थंड रेघ उतरली. डॉक्टरांनी डोक्याच्या मागचा हाडाचा उंचवटा चाचपला, मग कानामागचं हाड, आणि दोहोंच्या मधली एक जागा बोटाने धरून थांबले. तिथे नाडी लागते, रक्तवाहिनी, तिच्या शेजारून ती नस जाते. ‘हालूं नाकात, बाई.’ सुई टोचताना जेवढी भीती होती तेवढं दुखलं नाही. पण औषध आत शिरताना जो दाब आला तो वेगळाच. कवटी आणि कातडी यांच्यामध्ये कोणी पाण्याची पिशवी फुगवतंय असा. एक बारीक करकर आवाज, बाहेर कोणाला ऐकू न येणारा. सुई किंचित वळवून आणखी थोडं, पुन्हा थोडं. पिचकारीत दोन औषधं होती, एक बधिर करणारं आणि एक स्टेरॉइड. पहिलं मिनिटांत काम करतं आणि तासांत विरतं. दुसऱ्याला जागं व्हायलाच दोन-चार दिवस लागतात. मला उठवून बसवलं तोवर उजव्या बाजूचं डोकं टाळूपर्यंत दुसऱ्या कोणाचं तरी झालं होतं. हात लावला तर करवंटीवर हात फिरवल्यासारखं. आणि डोळ्यामागे?

डोळ्यामागे काही नव्हतं.

गाडीत बसलो. हे गाडी चालवतात, मी डावीकडे. रायबंदरचा बांध संपला, मांडवी डावीकडून दिसत राहिली, जुनें गोंय आलं. मी उजवीकडे वळून ह्यांच्याकडे पाहिलं. काही बोलायचं नव्हतं, नुसतं पाहिलं. ‘कितें जालें?’ ह्यांनी घाबरून विचारलं. तेव्हा मला उमगलं, पाच वर्षांत मी गाडीत ह्यांच्याकडे वळून पाहिलेलंच नव्हतं. समोरच्या काचेशी बोलत आले होते. हे म्हणाले, ‘मला वाटायचं तू रागावलेली असतेस.’ बाणस्तारीचा पूल येईपर्यंत दोघंही गप्प. कानाजवळचे केस त्यांचे किती पिकलेत ते मी बघत होते.

घरी आल्यावर काय करावं कळेना. न दुखणारं डोकं घेऊन माणसं संध्याकाळी करतात तरी काय? मी माडाच्या शेंड्याकडे पाहिलं. देवघरावरचं जळमट काढलं. लेकीला फोन लावून तासभर बोलले. मग खुर्चीत मान मागे टाकून आढ्याकडे बघत बसले, माटोळीचा हूक तिथे वर्षभर रिकामाच असतो. कौल उजवा पडला होता. एवढी वर्षं ‘काही सापडत नाही’ ऐकून ऐकून मलाच आतून वाटू लागलं होतं की मी नाटक करतेय. साधारण चार तास टिकलं हे. रात्री साडेनऊला दाभण परत आलं. इतकं वाईट वाटलं नाही. आता मला त्याचा पत्ता ठाऊक होता.

तिसऱ्या दिवशी स्टेरॉइड जागं झालं. आधी तोंड लालबुंद झालं, शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी विचारलं, बाई, बीचवर गेल्या होत्या काय. दोन रात्री झोप नाही, डोळे टक्क. माझी साखर काठावरची, ती चढून दोनशे चाळीसवर गेली आणि पाच-सहा दिवस खाली येईना. स्टेरॉइडने साखर वाढते हे मधुमेहवाल्यांनी डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावं, मी विचारलं नव्हतं. पण दुखणं गेलं. थोडं थोडं करून, भरतीचं पाणी मानशीतून, बांधाच्या दारातून, उतरतं तसं.

या औषधाची हकीकत मला आवडते आणि तिची धास्तीही वाटते. १९४८च्या सप्टेंबरात अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला पहिल्यांदा कॉर्टिझोन टोचलं. काही दिवसांत ती उठली आणि चालत बाजारहाट करायला बाहेर पडली. दोनच वर्षांत, १९५०मध्ये, हेंच यांना आणखी दोघांसह नोबेल मिळालं. मग मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांचे चेहरे चंद्रासारखे सुजू लागले, हाडं ठिसूळ झाली, औषध थांबवलं की दुखणं परत दारात. स्टेरॉइड बरं करत नाही, सूज निजवतं. त्या बाईचा मी बऱ्याचदा विचार करते, ती बाजारात गेली ते दिवस कसे असतील. तिने काय आणलं असेल?

मला अकरा आठवडे मिळाले. मोजले, कारण कॅलेंडरवर खुणा करायची खोड शाळेमुळे. त्या अकरा आठवड्यांत फिजिओथेरपिस्टकडे जाऊन मानेच्या आतल्या स्नायूंचे व्यायाम शिकले. हनुवटी आत ओढायची, दहा आकडे, सोडायची. इतका कंटाळवाणा व्यायाम दुसरा नसेल, आणि डॉक्टरांच्या मते खरा उपचार तोच. इंजेक्शन म्हणजे तो करता यावा म्हणून मिळालेली सुट्टी. मी सुट्टी सुट्टीसारखीच घालवली. अर्धे दिवस व्यायाम, अर्धे दिवस बुट्टी. बाराव्या आठवड्यात दोरा ओढला जायला लागला तेव्हा दोष कोणाला देणार. जानेवारीत दुसरं इंजेक्शन घेतलं, या वेळी स्टेरॉइड वेगळं, ट्रायामसिनोलोन, जास्त दिवस टिकणारं. टिकलं खरंच, जवळजवळ पाच महिने. एप्रिलात कंगव्याला केस आले, मे महिन्यात ती जागा.

आता दुखणं परत आलंय, पहिल्याइतकं नाही, आठवड्यातून एखादा दिवस. डॉक्टर म्हणतात, पुढचं इंजेक्शन थोडं आत, दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यामधल्या सांध्यापाशी देऊन बघू, एक्स-रेमध्ये बघत बघत. घाई नाही, म्हणाले, वर्षातून फार वेळा घ्यायचं नसतंच. मी रात्री फोनवर वाचत बसते, जे करू नये म्हणून सगळ्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी एप्रिल २०१४मध्ये एक इशारा दिला होता: पाठीच्या कण्याच्या आवरणाजवळ दिलेल्या स्टेरॉइड इंजेक्शनांनंतर क्वचित, पण दृष्टी जाणं, पक्षाघात, लुळेपणा, मृत्यूसुद्धा झालेला आहे. माझं इंजेक्शन तिथलं नव्हतं, पुढचंही तिथलं नाही, हे डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. चित्र माझ्या पर्समध्ये आहे, किराण्याच्या यादीच्या मागे. दिवसा ते बघितलं की पटतं. रात्री दोनला ‘क्वचित’ हा शब्द फार मोठा दिसतो. आणि सकाळी वह्यांचा गठ्ठा पुढे घेतला की पाचव्याच वहीला वाटतं, घेऊन टाकावं.

लेक म्हणते, केसांच्या नाण्याएवढ्या जागेच्या बदल्यात पाच महिने मिळाले, मग किंमत स्वस्तच की गं. तिचा हिशोब बरोबर आहे. पण त्या जागेवर फुलवालीचं गार बोट टेकलं तेव्हा मला माझ्या हिशोबाची नव्हे, आईच्या कपाळावरच्या फडक्याची आठवण आली. ते फडकं बघून तिला कोणी पाच रुपयांचीही दया केली नव्हती. आणि माझी, दुखणं दिसत नव्हतं तोवर, कोणी केली नाही; केस गेले, काहीतरी दिसलं, तेव्हा केली.

परवा पुन्हा म्हार्दोळला गेले. चवथ आठवड्यावर आलीय, रस्त्याच्या कडेला माटोळीचं सामान मांडायला सुरुवात झालेली. मुद्दाम दुपारची गेले, गिऱ्हाईक नसेल अशा वेळी. मावशी मान खाली घालून आबोली गुंफत होती, केळीच्या सोपात दोन बोटं चालत होती, बघायचीही गरज नसल्यासारखी. मी शेजारच्या पायरीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. तो रोग नव्हे, नस, मान, डोळा, इंजेक्शन. ती गुंफता गुंफता ऐकत होती. मध्येच म्हणाली, “म्हजीय तकली फोडटा, सांजवेळा.”

“खंय?”

तिने फुलांचा हात कपाळावरून फिरवला. सगळीकडे, म्हणाली.

मला राहवेना. तिच्या मागे गेले, एका हाताने तिचं कपाळ धरलं, कुंकवाचा ओलसर ठसा तळव्याला लागला, आणि अंगठा कवटीच्या कडेखाली ठेवून हळूहळू दाबत नेला. उजवीकडे, मग डावीकडेही. “हांगा?” ना. “हांगा?” ना गो. “दोळ्यांत कांय जाता?” ती खांदे हलवून हसायला लागली. गुदगुल्या होत होत्या तिला. शेजारचीही हसली. “थंय कांयच ना बाय,” ती म्हणाली, “म्हजी तकली वताक लागून फोडटा. दनपारचें उदक पियेना हांव.” उन्हाने दुखतं, एवढंच.

मी खाली बसले. तिने न सांगताच एक फाती उचलली, माझी मान धरून वळवली, केस बाजूला सारून ती जागा पाहिली. “येयल्यात मगो,” म्हणाली. बोट फिरवून पुन्हा पाहिलं. “मात्शे. मांजराच्या पिलाचे कशे.” आणि फाती नेहमीच्या जागी माळली, वर.

चाळीस रुपये झाले होते. चाळीस घेतले.